एकाच खड्ड्यात चार सांगाडे

नव्या हॉलात चार शिकारी डायनासोर एका धष्टपुष्ट शाकाहाऱ्याला घेरून उभे करायचे, असं संग्रहालयाच्या साहेबांनी ठरवलं. चौघांची हाडं एकाच खड्ड्यात सापडली, म्हणजे ते कळपानं शिकार करत, असा त्यांचा सरळ हिशेब.

आडवी आली ती तिथलीच एक संशोधक, सांगाडे जोडणाऱ्या कारागिराची धाकटी बहीण.

"बसथांब्यावर चौघं दिसले म्हणून एका घरचे होतात का?" तिनं बैठकीत विचारलं. "मढ्याच्या वासानं एकेक करून आले असतील. एकमेकांनाही सोडलं नाही त्यांनी. एकाच्या मांडीच्या हाडावर त्याच जातीच्या दातांच्या खुणा आहेत."

"खोदकामाच्या फोटोत त्या भेगा वाटतात," साहेब म्हणाले. "हाडच आणा. खुणा नसल्या तर बाई, हॉलच्या कामातून तुम्ही मोकळ्या."

हाड आलं. गुळगुळीत.

दादानं, म्हणजे त्या कारागिरानं, हाडावरून नजर वळवली. मांडणीआधी भेगा प्लॅस्टरनं बुजवायच्या, वरून रंगाचा हात फिरवायचा, ही तिथली रीतच होती. पण या खाचा दातांच्या आहेत, हे बुजवतानाच त्याला कळलं होतं. साहेबांना हाड राजबिंडं हवं होतं आणि त्याला साहेबांची शाबासकी. सौदा तेव्हा स्वस्त वाटला.

"खुणा बाईंच्या चष्म्यावर असतील," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. दादाही हसला, जरा जास्तच.

"कारागीर, हाड तुम्हीच साफ केलंत ना? काही दिसलं?"

"लक्षात नाही, साहेब."

बहिणीनं कागद आवरले. "मग माझंच चुकलं असेल. दादाच्या नजरेतून केस सुटत नाही."

तिनं टोमणा मारला असता तर त्यानं तो गिळलाही असता. पण ती मनापासून बोलली होती. त्याचे कान तापले.

"खुणा होत्या," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "मी बुजवल्या. कळूनसवरून."

हसणाऱ्यांना एकदम आपापल्या चहाची आठवण झाली.

"मघाशी का नाही बोललास?" तिनं हळूच विचारलं.

"सगळे हसत होते."

 प्लॅस्टर काढायला ओला कापूस आणि कोरणी मागवून ती हाड घेऊन खिडकीपाशी बसली. दादा सवयीनं हाड धरायला पुढे झाला.

"राहू दे," ती म्हणाली. "मी करते."

साहेबांसकट सगळे तिच्याभोवती जमले. दादा भिंतीशी उभा राहिला. हात कुठे ठेवावेत, ते त्याला कळेना.