बेवनच्या कुरणातली नदी

केडनी नदीचा आमच्या मासेमारी क्लबाकडे असलेला पट्टा बेवनच्या फाटकाशी संपायचा. नदी पुढेही होती, वर डोंगरापर्यंत; पण ते फाटक ओलांडायची आमची छाती नव्हती. फार वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकानं ते उघडं टाकलं होतं आणि बेवनचा वळू रमतगमत चॅपेलच्या आवारात, एका लग्नाच्या फोटोत जाऊन उभा राहिला होता. फोटो अजून आहे. नवरी हसतेय. एम्रिस बेवन मात्र तेव्हापासून आम्हा गळवाल्यांशी धड बोलत नसे.

मी क्लबाचा चिटणीस. दर वसंतात त्याच्याकडे जाऊन मी एकच मागणं मागायचो, की गाई नदीत उतरू नयेत म्हणून काठाला कुंपण घालू द्या. गाई काठ तुडवायच्या, माती पाण्यात जायची आणि ट्राउट मासे ज्या खडीत अंडी घालतात ती गाळाखाली बुजायची. त्याच्या कुरणातली खडी नदीतली सगळ्यात चांगली, आणि तिथंच मासा नाही.

"गाई माझ्या, काठ माझा, पाणी देवाचं," एम्रिस म्हणायचा. "यात तुमचं काय?"

चहासुद्धा विचारायचा नाही.

त्या वर्षी हंगाम उघडला तेव्हा नेस्टा लॉइड क्लबात आली. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, नवरा गेलेला, आवाज असा की पलीकडच्या टेकडीवरची मेंढरं चरायची थांबत. तिला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी पाण्यावर अशी उतरवायची की माशाला ती खरी वाटावी. नेस्टाची माशी उतरत नसे, आदळत असे.

"माशाला कळायला नको का, मी आलेय ते," ती म्हणायची.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी आम्ही फाटकाच्या खालच्या डोहावर उभे होतो. एम्रिस कुरणातून तावातावानं आला आणि आमच्या पाठीमागं, फाटकाला रेलून, सुनावू लागला, तुमच्या गप्पांनी माझी मेंढरं बुजतात म्हणून. नेस्टानं वळूनही न बघता गळाची काठी मागं झोकली आणि मग जोर लावून पुढं. एम्रिसची टोपी त्याच्या डोक्यावरून उठली, आमच्या डोक्यांवरून गेली आणि डोहाच्या मधोमध पडली.

नेस्टा शांतपणे दोरी गुंडाळू लागली.

"आजची पहिलीच," ती मला म्हणाली. "बऱ्यापैकी वजन आहे."

एम्रिस फाटक उघडून खाली आला. आता हा काठी मोडतो, असं मला वाटलं. त्यानं टोपी पिळली, तिच्यात रुतलेला गळ सोडवला आणि ती माशी तळहातावर धरून कितीतरी वेळ बघत राहिला.

"आपल्या शाळेतही तू अशीच होतीस," तो म्हणाला. "मधे येईल त्याला उडवायचीस."

"मग मधे येऊ नये माणसानं."

"दे बघू ती काठी इकडं."

तिनं दिली. त्यानं दोरी फेकली ती स्वतःच्याच कानाभोवती गुंडाळली गेली. नेस्टा हसली नाही, हे विशेष. दोरी सोडवता सोडवता तो हळूच म्हणाला, "वडिलांनी कधी हात लावू दिला नाही. नदीवर उभा राहतो तो कामचुकार, असं म्हणायचे."

"आणि तुला काय वाटायचं?"

"मला कुणी विचारलंच नाही."

त्यानंतर तो वरचेवर येऊ लागला. कधी हरवलेली मेंढी शोधायला, कधी फाटकाची कडी बघायला. मेंढी काही सापडत नसे आणि कडीला काही झालेलं नसे. नेस्टा त्याला शिकवायची, मी नेस्टाला शिकवायचो, आणि दोघं मिळून माझ्या चुका काढायची. जूनमध्ये, पाण्यावर खऱ्या माश्यांचे थवे उतरले असताना, त्याला पहिला ट्राउट लागला. वीतभर, अंगावर लाल ठिपके. आमच्या नियमाप्रमाणं तो परत सोडायचा होता. एम्रिसनं तो पाण्यातच दोन्ही हातांत धरला, आणि मासा निघून गेल्यावरही हात तसेच ठेवून उभा राहिला.

"आता घरच्या पाण्यात धरतो," तो म्हणाला.

पुढचे कितीतरी दिवस तो आपल्या कुरणात गळ टाकत होता. काहीच लागेना. शेवटी माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"तुमच्या क्लबानं माझे मासे खाली ओढून नेलेत."

मी नेस्टाला बोलावलं आणि आम्ही तिघं त्याच्या कुरणात गेलो. माझ्या तोंडाशी सगळं भाषण तयार होतं. नेस्टानं मला कोपरानं ढोसलं.

"एम्रिस, बाही सार वर आणि खडीत हात घाल," ती म्हणाली.

त्यानं घातला. हात मनगटापर्यंत गाळात गेला, मग कोपरापर्यंत. खडी लागलीच नाही. बाहेर काढला तेव्हा काळाकुट्ट झाला होता आणि त्याला वास येत होता.

"यात अंडी घातली तर?" त्यानं विचारलं.

"गुदमरतात," मी म्हणालो. एवढंच म्हणालो.

तेवढ्यात वरच्या अंगाला एक गाय काठ ढासळवत पाण्यात उतरली, निवांत उभी राहिली आणि तिनं शेपूट वर केलं. मातकट पाणी आमच्या पायांपर्यंत आलं.

"कुणाची ही भवानी?" एम्रिस खेकसला.

"तुझीच," नेस्टा म्हणाली.

त्यानं हाताचा गाळ गवताला पुसला. मग म्हणाला, "शनिवारी सगळ्यांना घेऊन या. खांब मी देतो. पण गाईंच्या पाण्याची सोय आधी, कुंपण मग."

शनिवारी अख्खा क्लब हजर होता. वरच्या झऱ्यावरून नळी आणून कुरणात हौद बसवला, काठापासून दूर कुंपण घातलं, उघडी पडलेली माती मुळांनी धरून ठेवावी म्हणून तिच्यात विलो झाडाच्या फांद्या खोचल्या. एम्रिसच्या बायकोनं, ओल्वेननं, तव्यावरचे मनुकांचे केक पाठवले. चहा तर इतका झाला की माणसं आळीपाळीनं कुंपणामागं जाऊ लागली. सप्टेंबरमध्ये पाणी उतरल्यावर गुडघाभर प्रवाहात उभं राहून आम्ही दाताळ्यांनी खडी विंचरली. गाळाचे लोटच्या लोट वाहून जायचे आणि खालून पिवळे, तांबूस गोटे वर यायचे. माझी कंबर आठवडाभर धरली होती. हंगाम संपला, काठ्या पिशव्यांत गेल्या.

नोव्हेंबरात एका सकाळी ओल्वेनचा फोन आला. "आमचे हे नदीकाठी पालथे पडलेत. हाक मारली तर मलाच गप्प बस म्हणतात. जरा येऊन बघा."

मी आणि नेस्टा धावत गेलो. एम्रिस ओल्या गवतात पोटावर पडला होता. त्यानं न बघता हातानंच आम्हाला खाली बसवलं. समोर, विंचरलेल्या खडीत, एक मोठी मादी कुशीवर होऊन अंड्यांसाठी शेपटीनं खड्डा खणत होती; दोन नर तिच्याभोवती एकमेकांना ढुशा देत होते. पाण्यातून गोट्यांचा बारीक आवाज येत होता. नेस्टा, जिचा आवाज मी कधी हळू झालेला ऐकला नव्हता, कुजबुजली, "बाई गं, किती कष्ट करतेय."

"अजून दोघी आहेत वर," एम्रिस म्हणाला. "पहाटेपासून बघतोय."

त्याच दिवशी त्यानं अंडी चिरडू नयेत म्हणून नदीतून ट्रॅक्टर न्यायची आपली वाट बंद केली आणि पलीकडच्या शेतात पुलावरून, मैलभर वळसा घालून जाऊ लागला. आमच्यातला एकजण उत्साहानं खड्डे बघायला पाण्यात उतरला, तर एम्रिसनं त्याला असा झापला की तो बिचारा एक बूट तिथंच टाकून बाहेर आला.

हिवाळ्यातल्या बैठकीत मी पुढचं काम मांडलं. बेवनच्या वर प्रॉथेरोचं शेत, तिथंही गाई पाण्यात उतरतात. प्रॉथेरो तर एम्रिसपेक्षाही तिरसट. मी म्हणालो, मी आणि नेस्टा जाऊन त्याला समजावतो.

"तुम्ही मुळीच जायचं नाही," मागच्या बाकावरून एम्रिस म्हणाला, आणि कोट घालू लागला. "तुम्हा गळवाल्यांना गाईंमधलं काय कळतं?"