तिवरांत अडकलेला पाय

माझी आई वासिती डोंगरातली. रेवा नदीच्या पार वरच्या अंगाला तिचं माहेर. लग्न करून ती खाली, खाडीकाठच्या आमच्या गावात आली. पाणी कमरेला लागलं की तिचे ओठ पांढरे पडायचे. तोरिका आत्या चिडवायची, "वहिनी, न्हाताना तरी डोकं भिजवतेस ना गं?"

"वन्सं, तुम्ही आमच्या कड्यावर चढून दाखवा, मग बोला," आई म्हणायची.

मी नऊ वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये नव्या पाद्रीबाबांसाठी जेवण होतं आणि आमच्या घराकडे चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, आणायचं काम आलं होतं. ओहोटीला आत्याने आम्हा मायलेकींना तिवरांच्या झाडीत, चिखलात सोडलं आणि ती होडी घेऊन पलीकडच्या ओढ्यात जाळी काढायला गेली. "पाणी चढलं की येते. त्याआधी होडी आत शिरायची नाही."

दुपारपर्यंत टोपली भरली. शेवटच्या एका चिंबोरीमागे मी धावले आणि माझा उजवा पाय दोन मुळांमध्ये खचकन रुतला. आई हसली. "ओढ की, अकिसी!" मी ओढला. तिनेही काखेत हात घालून ओढला. मी किंचाळले तेव्हा तिचं हसू थांबलं.

पायाभोवतीच्या खळग्यात पाणी चुळचुळायला लागलं. भरती लागली होती.

आईने हातांनी चिखल उपसला. उपसावा तितका परत भरत होता. पाणी माझ्या गुडघ्यांवर आलं, मग मांड्यांवर. "वन्सं! ओ वन्सं!" तिने हाका मारल्या. तिवरांत हाक लांब जात नाही. घोटा सुजून मुळं आणखीच आवळली. पाणी पोटाला लागलं आणि मी रडायचीही थांबले. आईच्या चेहऱ्याकडे बघायची मला भीती वाटत होती, कारण ती माझ्याहून जास्त घाबरली होती.

एकदा ती वळली. चार पावलं चालून काठाकडे गेली. मला वाटलं, चालली ही. ती फांदीला अडकवलेला कोयता घेऊन परत आली.

"हलू नकोस. काही झालं तरी पाय हलवायचा नाही. कळलं?"

"आई, पाय कापशील गं माझा!"

"नाही कापत."

तिने नाक दाबलं, डोळे मिटले आणि त्या गढूळ पाण्याखाली गेली. खाली काहीच दिसत नव्हतं. तिचा डावा हात माझ्या घोट्यावर येऊन घट्ट बसला आणि मग करवतीसारखं काहीतरी घासायला लागलं. ती वर आली, खोकली, ओकली, परत बुडाली. किती वेळा, कोण जाणे. पाणी माझ्या गळ्याशी आलं तेव्हा मी हनुवटी वर करून आभाळाकडे बघत होते. भोवतालचं पाणी तांबूस झालेलं मला कळलं, पण दुखत नव्हतं. मला वाटलं, मरताना दुखत नसेल.

मूळ तुटलं. पाय सुटला.

आत्याची होडी आली तेव्हा आईने मला एका फांदीवर बसवलं होतं आणि स्वतः छातीभर पाण्यात खोडाला मिठी मारून उभी होती. माझ्या पायाला साधा ओरखडा नव्हता. कोयत्याचं पातं माझ्या घोट्यावर ठेवलेल्या तिच्या बोटांवरून फिरत राहिलं होतं. आत्याने तो हात पाहिला आणि अंगातला सदरा काढून त्यावर गुंडाळला.

दोन बोटं पुन्हा कधी वाकली नाहीत. चटया विणण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. ते विणकाम सुटलं. मोठी झाल्यावर मी तिला विचारलं, तेव्हा वळलीस ती खरंच कोयता घ्यायलाच गेली होतीस?

"पहिली दोन पावलं पळायचीच होती गं. मग कोयता दिसला."

त्या दिवसानंतर कितीतरी महिने मी तिचं लुगडं सोडलं नाही. ती उठली की मी उठायचे, दाराबाहेर गेली की मागे पळायचे.

"अगं बये," ती वैतागून म्हणायची, "संडासला तरी एकटी जाऊ दे!"

मी दाराबाहेर उभी राहून तिला बोलत राहायला सांगायचे. आणि ती आतून बोलत राहायची.