सगळ्यात शेवटी सुटलेली गाडी

मी गणिताचा मास्तर. मला गाडी चालवता येत नाही. पण माझं घड्याळ वेळ बरोबर दाखवतं, या एका गुन्ह्यासाठी मला मोटारींच्या शर्यतीत गोवण्यात आलं. दुसरी मोठी लढाई संपून चार वर्षं झाली होती. लष्कराने मोडीत काढलेल्या जीपा अमरावतीच्या कापूसवाल्यांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. ज्याच्या दारात मोटार, त्याला ती शेजाऱ्याच्या मोटारीपेक्षा जोरात पळते हे दाखवायचं होतं. पेट्रोल रेशनच्या चिठ्ठीवर मिळायचं, तरी ही हौस.

शर्यत हँडिकॅपची ठरली. आधी एकेक गाडी वलगावच्या रस्त्यावर दोन मैल पळवून बघायची. आसेगावला पूर्णेच्या काठापर्यंत जाऊन परत यायला तिला किती वेळ लागेल, ते त्यावरून मी काढायचं. मग सगळ्यात हळू गाडी आधी सोडायची आणि सगळ्यात जोराची शेवटी, म्हणजे हिशोबाने साऱ्या एकाच वेळी परत याव्यात. अंदाजापेक्षा जो चांगली चालवेल, तो जिंकला. यात गणित सोपं आहे, माणसं अवघड आहेत.

चाचणीच्या दिवशी दहाही ड्रायव्हर गाड्या अशा हाकत होते, जणू आत बाळंतीण बसली आहे. परतवाड्याच्या लाकूडवाल्याचा ड्रायव्हर कुंदन तर ब्रेकवर पाय ठेवूनच आला. मला ते दिसत होतं. पण मला घड्याळ बघायला बसवलं होतं, पाय बघायला नव्हे.

अकरावा वाहेद. वाहेद मिस्त्री माझा दोस्त, आमचं घर एका गल्लीत. कापूसवाल्या खुशालरावांच्या जिनिंगवर मोडकी जीप सहा महिने पडून होती. ती त्याने नटापासून नटापर्यंत नवी केली होती. खुशालरावांनी चारचौघांत शब्द दिला होता, "वाहेद, शर्यत जिंकून आन. गाडी तुही. नाई जिंकली तं सरकी वाहाले लावतो."

त्या दिवसापासून वाहेदच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. अमरावती ते अकोला सवाऱ्या न्यायच्या. दुसऱ्याच्या गाड्यांखाली लोळणं बंद. त्याच्या बायकोने, अकीलाने, जुन्या तंबूच्या कापडाचे हिरवे गिलाफ शिवून जीपच्या दोन्ही बाकांना चढवलेसुद्धा होते. पहिली सवारी तीच असणार होती, अकोल्याच्या जुन्या शहरात तिच्या आईकडे.

मी त्याला आदल्या दिवशी बजावलं होतं, चाचणीला दम राखून चालव. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, त्यात कुंदन मोठ्याने म्हणाला, "भंगार आलं रे, बाजूले व्हा!" झालं. वाहेदने जीप अशी सोडली, की धुरळा खाली बसायच्या आत तो चुन्याच्या रेघेपार होता.

"हात दाखवून अवलक्षण!" मी त्याच्यावर ओरडलो. "सांगितलं होतं ना तुला?"

"मास्तर, शंकरपटात जोडी दाखवाले आनतात तवा कासरा ओढून दाखवते का कोनी?" तो हसत म्हणाला. "दाखवाची तं पुरी दाखवाची. आपली गाडी हाय, लाज कायची?"

बैलांच्या शर्यती बघत वाढलेला माणूस तो. शंकरपटात आधी जोर दाखवला की समोरचा अर्धा तिथंच हरतो. इथं जोर दाखवला की आपणच मागे राहतो, हे त्याच्या डोक्यात शिरत होतं, पण रक्तात उतरत नव्हतं.

रात्री मी कागद घेऊन बसलो. वेळा अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या धरायच्या, असं ठरलं होतं. मधले सेकंद आले तर जवळच्या अर्ध्या मिनिटाला न्यायचं. वाहेदचे आले त्रेपन्न मिनिटं पंचेचाळीस सेकंद. अगदी मध्यावर. साडेत्रेपन्न धरा नाहीतर चोपन्न, दोन्ही बरोबर. कुंदनचंही असंच मध्यावर आलं होतं आणि मी काही विचार न करता त्याच्या सोयीचं, वरचं धरून मोकळा झालो होतो. वाहेदच्या आकड्यापाशी मात्र माझा हात थांबला. एका गल्लीत राहतो, एका ताटात जेवतो. उद्या लोक म्हणतील, मास्तरने दोस्ताला अर्धं मिनिट दिलं. मी साडेत्रेपन्न लिहिलं. लिहिल्यावर मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो. स्वतःच्या सचोटीवर मी खूश होऊन झोपलो.

रविवारी सकाळी जत्रेसारखी गर्दी. पहिला कुंदन सुटला. मग एकेक. वाहेदची जीप रेघेवर गुरगुरत उभी. वलगावचे डोमाजी म्हातारे माझ्याजवळ आले.

"मास्तर, जो पयते त्याले बांधून ठेवता अन् लंगड्याले आंधी सोडता? कायचा पट म्हना हा?"

"नियम आहे, बाबा."

"नियम कोनं केला?"

वाहेदची नजर माझ्या हातातल्या निशाणावर होती. दहा गाड्यांचा धुरळा रस्त्यावर ढगासारखा उभा होता आणि त्यातच त्याला घुसायचं होतं. कुंदन सुटून अठरा मिनिटं झाली; चोपन्न लिहिलं असतं, तर वाहेद आता सुटला असता. त्याने माझ्याकडे पाहिलं. काटा पुढं सरकत होता आणि मी हात खाली धरून उभा होतो. अर्धं मिनिट किती लांब असतं, ते मला त्या दिवशी कळलं. साडेअठराला मी निशाण उचललं आणि तो गेला.

मग करायला काहीच नव्हतं. पाऊण तास मी रस्त्याकडे बघत बसलो. मनात म्हणत होतो, आण बाबा, कशीही आण.

आधी दिसला कुंदन. एकटाच. गर्दी ओरडली. इतक्यात त्याच्या मागच्या धुरळ्यातून जीप बाहेर आली. कोणाचाच विश्वास बसेना. नऊ गाड्या मागे टाकून वाहेद आला होता आणि दोघांमधलं अंतर डोळ्यांदेखत आटत होतं. खुशालराव स्वतः पागोटं हातात घेऊन नाचू लागले. मीही ओरडलो, पंच असूनही ओरडलो.

कुंदनने रेघ ओलांडली. मी घड्याळ बघितलं. वाहेदने ओलांडली. पुन्हा बघितलं. दहा सेकंद.

त्यांच्या पाठोपाठ बाकीच्या नऊ गाड्याही धुरळ्यातून येऊ लागल्या. मी तसाच उठून खुशालरावांकडे गेलो आणि म्हणालो, चूक माझी आहे, त्याचं अर्धं मिनिट मी खाल्लं, धरायला हवं होतं चोपन्न. त्यांनी पागोटं पुन्हा डोक्यावर बसवलं. मग आवाज खाली आणून बोलले, "मास्तर, कागद तुमीच लिवला, सही तुमचीच हाय. आता हार झाल्यावर बदलून मांगता? लोक म्हनतीन, दोस्ती निभावून राहिला मास्तर." नंतर त्यांनी वाहेदच्या पाठीवर थाप मारली. "चालवली भारी तू. पन शब्द तं शब्द. उद्या गाडी जिनिंगवर आन."

ज्या बोलाला भिऊन मी ते अर्धं मिनिट खाल्लं, तोच बोल शेवटी मला लागला. आणि गेलं कोणाचं, तर वाहेदचं.

तो जीपजवळ उभा होता. भुवयांपर्यंत धूळ. त्याने विचारलं, "कितीनं गेली, मास्तर?"

"दहा सेकंद."

त्याने मान हलवली. "मंग माहीच चूक. नदीवर वयतानी गेअर अडकला होता. तितलेच गेले असतीन." भुवयांवरची धूळ पुसून म्हणाला, "तुमचा हिशोब तं बराबर होता. साऱ्या गाड्या एकाच टायमाले आल्या पाहा."

अर्ध्या मिनिटाचं आता सांगून त्याला काय मिळणार होतं? गाडी तर गेलीच होती, वर दोस्तही जाईल, ही माझी भीती. खोटं कशाला बोलू, ती माझ्यासाठीच होती.

वाहेद जीपमध्ये चढला आणि गिलाफांच्या नाड्या एकेक करून सोडू लागला. एक गाठ फार घट्ट बसली होती. ती त्याने दातांनी सोडवली. दोन्ही गिलाफ झटकून, नीट घड्या घालून माझ्या हातात दिले. "धरा जरा. सरकीच्या गाडीत घान होतीन."

मी ते गिलाफ छातीशी धरून त्याच्याबरोबर गल्लीपर्यंत चालत आलो. अकीला दारातच उभी होती. तिने आधी माझ्या हातांकडे पाहिलं आणि मग आत गेली.