जाळीच्या दरवाजाला नवं कुलूप

जरा थांबा. मी जाळीचा दरवाजा बोलतोय, या मजल्यावरचा, डाव्या हाताचा. एरवी आम्हा दरवाजांना कसली घाई नसते, पण आज मला आहे. म्हणून पाल्हाळ न लावता सांगतो.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. लोखंडी चौकट, तिच्यावर जाड जाळी, वर तपकिरी रंग. वेल्डिंग करणारा हाताचा पक्का होता, पण बिजागऱ्या लावताना त्याने हात आखडता घेतला. तीन हव्या होत्या तिथे दोनच लावल्या. मी अंगाने भारी. वर्षभरात माझा एक खांदा उतरला आणि मी खाली उंबरठ्याला घासू लागलो.

या घरच्यांनी मला दुरुस्त केलं नाही, माझी सवय करून घेतली. मला बंद करताना पायाचा अंगठा खालून घालायचा, किंचित उचलायचं आणि मग ढकलायचं. नाही उचललं तर मी चौकटीपासून बोटभर अलीकडेच अडकतो. घरमालक नाना, त्यांची बायको, मुलगी ताई आणि तिचा धाकटा भाऊ, सगळ्यांना हे इतकं अंगवळणी पडलं की आपण काही करतो हेच ते विसरले. पाहुणे मात्र माझ्याशी झोंबत बसायचे. मग नाना आतून ओरडायचे, "अहो, अंगठा! पायाचा अंगठा!"

तेव्हा मला साधी किल्ली होती. किल्ली प्रामाणिक असते. मी नीट बसलो नसेन तर ती फिरायचीच नाही.

नाना बसचे कंडक्टर. घरातसुद्धा जेवायला बसलेल्यांना "पुढे सरका, पुढे सरका" म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. बायको गेली, धाकटा दुसऱ्या शहरात गेला, आणि नाना विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. एके सकाळी ते खाकी शर्ट घालून माझ्यापुढे उभे राहिले आणि ताईला म्हणाले, "बाई, दार उघडा. पहिली गाडी माझी आहे."

पोटच्या मुलीला त्यांनी बाई म्हटलं. ती स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि त्या आवाजाआड रडली. मला ऐकू येतं.

पुढच्याच आठवड्यात ते निसटले. हमरस्त्याच्या मधोमध सापडले. एका ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून सापडले, असं म्हणायला हवं. त्या दिवसापासून ताईने कामावर जाताना मला बाहेरून टाळं लावायला सुरुवात केली. माझ्यामागचा लाकडी दरवाजा मिटला की नाना अंधारात घाबरून भिंतीवर हात आपटत, म्हणून तो उघडाच ठेवायचा. नाना माझ्यामागे स्टूल टाकून बसत आणि जिन्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांना तिकीट विचारत. समोरच्या काकू येताजाता डोकावायच्या.

पण काकूंची जीभ. "बापाला कुलपात ठेवतेस गं?" असं त्या एकदा बोलून गेल्या आणि ताईच्या काळजाला घरं पडली.

धाकट्याने फोनवर तोडगा काढला. "ताई, ते टाळं फेकून दे. स्मार्ट लॉक बसवू. दार लागलंय का, ते तुला ऑफिसात फोनवर दिसेल, मला इथून दिसेल. कुणाला नावं ठेवायला जागाच नको."

कुलूपवाला आला. बोलका, हसरा माणूस. माझ्यात आणि लाकडी दरवाजात फट किती आहे ते त्याने मापलं, त्यात बसेल असं चपटं कुलूप निवडलं आणि माझ्या अंगातून आरपार भोक पाडलं. दुखलं, पण म्हटलं, नानांसाठी आहे. उघडलं की काही क्षणांनी आपोआप लागायचं, आणि आतूनसुद्धा नंबर दाबल्याशिवाय उघडायचं नाही, अशी त्याने व्यवस्था केली.

"आता बंद करून बघा, ताई."

ताईने बंद केलं. अंगठा आपोआप खाली गेला. टिंग! लाल दिवा लागला, म्हणजे कुलूप लागलं. पुन्हा केलं, पुन्हा टिंग. त्याचं लक्ष कुलपाकडे होतं, तिच्या पायाकडे नव्हतं. आणि तिचं तर नव्हतंच. मी करकरून करकरून सांगितलं. त्यांना वाटलं, तेल हवंय. त्याने बिजागऱ्यांना तेल घातलं आणि माझा आवाजच गेला.

निघताना त्याने एक लहानसं चुंबक दाखवलं. "हे चौकटीवर लावतात. दार खरंच लागलं का, ते यावरून कळतं. पण तुमच्या चौकटीचा पाइप गोल आहे, हे नीट चिकटणार नाही."

"नाही लावलं तर?"

"काही नाही. कुलूप लागलंय एवढं दिसेल."

"मग तेवढं पुरे की," ताई म्हणाली.

नव्या कुलपाला एवढंच कळतं की आपला दांडा बाहेर आला. तो खाचेत गेला की हवेत, हे त्याला ठाऊक नसतं. पहिले काही दिवस ताई निघताना मला हलवून बघायची. मग ते थांबलं. काकू डोकावेनाशा झाल्या. "आता मशीन आहे," म्हणायच्या. सगळ्यांनी आपापला घोर त्या कुलपावर सोपवला. माझ्याकडे लक्ष उरलं ते एकट्या नानांचं. रोज सकाळी ते स्टुलावरून उठायचे आणि तळहाताने मला ढकलून बघायचे.

आज ताईला उशीर झाला होता. कानाशी फोन, हातात पिशव्या, पायात बंद बूट. तिने मला कोपराने ढकललं. मी अडकलो, बोटभर अलीकडेच. टिंग! लाल दिवा. ती वळलीसुद्धा नाही, जिना उतरून गेली.

नाना उठले. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली. तळहात ठेवला, आणि मी उघडलो. मला त्यांना अडवायचं होतं हो! पण ढकललं की उघडायचं, एवढंच आम्हाला येतं. त्यांचा चेहरा किती खुलला म्हणून सांगू. बाहेर पडून त्यांनी मला सभ्य माणसासारखं मागे लोटलं आणि कठड्याला धरून सावकाश खाली गेले.

मग घरात फोन वाजला. बराच वेळ वाजला. थोड्या वेळाने समोरचं दार किलकिलं झालं. काकूंच्या कानाला फोन होता, पलीकडे धाकटा.

"हो रे बाबा, बघतेय ना. लाल दिवा आहे. झोपले असतील नाना. तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस, मशीन आहे ना!"

दार मिटलं. त्यानंतर या जिन्यात आलेले तुम्ही पहिलेच.

म्हणून हात जोडतो, वर चढू नका, मागे फिरा. फाटकातून उजवीकडे हमरस्ता आहे. खाकी शर्टातला म्हातारा माणूस दिसला तर नाव विचारू नका, ते त्यांना आठवत नाही. नुसता हात धरा. पळा, माझं ऐकणारं दुसरं कुणी नाही. ताईच्या फोनमध्ये मी अजून बंद आहे.