कोरा निघालेला रोल

मी एक जुना, काळा, झाकणाचा डबा आहे, मित्रांनो. पण साखर-पोह्यांच्या वाटेला मी कधी गेलो नाही. माझ्या पोटात फोटोंचे रोल धुतात. अंधारात रोल आत भरायचा, झाकण लावायचे आणि वरून औषधे ओतायची. पहिले औषध चित्र उमटवते, दुसरे ते पक्के करते. दुसरे आधी पडले, तर उमटायचे तेही पुसून जाते. आधी कळस मग पाया इथे चालत नाही.

माझा मालक फोटोग्राफर. त्याच्या दोन सारख्याच तपकिरी बाटल्या होत्या. पहिले औषध डावीकडे, दुसरे उजवीकडे. चिठ्ठी त्याने कधी लावली नाही, हाताला जागा पाठ होती. लोक फोटो पाहून कॅमेऱ्याचे कौतुक करत, मला कोण विचारतो! पुढे फोनमध्येच फोटो निघू लागले. गरज सरो, वैद्य मरो. मी माळ्यावर गेलो.

त्याच्या कॅमेऱ्यात मात्र एक रोल राहून गेला. त्यात त्याची बायको होती. गॅलरीत केस वाळवणारी, फोटो काढतो म्हणून रागावणारी. नंतर ती आजारी पडली आणि गेली. तो रोल धुवायला त्याचे मन धजले नाही.

आता रोलची हौस परत आली आहे म्हणे. त्याच्या लेकीने मला खाली काढले. त्याने तिला शेजारी बसवून शिकवले, नवी औषधे त्याच बाटल्यांत भरली. तिचे दोन-चार रोल बरे निघाले आणि फोनवर वाहवा झाली. आईच्या रोलबद्दल तो एवढेच म्हणाला, "तो आपण दोघांनी मिळून धुवायचा. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे."

तो दवाखान्यात असताना तिला धीर निघाला नाही. बाबांना चकित करायचे होते. त्याआधी तिने माझा आणि बाटल्यांचा फोटो काढायला घेतला. जास्त भरलेली बाटली खिडकीच्या उजेडात छान दिसते, म्हणून तिने बाटल्यांच्या जागा बदलल्या. फोटो झाला, बाटल्या तशाच राहिल्या. मग तिने रोल माझ्यात भरला आणि सवयीने डावीकडची बाटली ओतली.

मला लगेच कळले. पण डब्याला कुठली वाचा? मी मूग गिळून बसलो आणि तिची आई माझ्याच पोटात पुसली गेली.

फिल्म काचेसारखी कोरी निघाली. लेक खूप रडली. बाटल्या हुंगल्यावर तिला चूक उमगली. तिने त्या गुपचूप जागेवर ठेवल्या.

"बाबा, रोल फार जुना होता," तो घरी आल्यावर ती म्हणाली. "त्यात काही उरलंच नव्हतं."

त्याने फिल्म खिडकीशी धरली. मित्रांनो, फिल्मच्या कडेला कारखान्यातले आकडे असतात. चित्रे विरली, तरी पहिल्या औषधाने ते उमटतात. औषधांची अदलाबदल झाली, तर मात्र कडही कोरी राहते. त्याने त्या कोऱ्या कडेवरून टोकापर्यंत बोट फिरवले.

"हो," तो म्हणाला, "जुनाच होता."

तिला हायसे वाटले. माझ्या त्या फोटोला पुष्कळ वाहवा मिळाली.

माझी निगा राखा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. ती मला रोज पुसते. ज्याच्या जन्माची ठेव हातात घ्याल, त्याच्यासाठी थोडे थांबा, इतकेच. तिचे बाबा त्यानंतर रोल धुवायच्या या खोलीत आलेले नाहीत. त्यांना आता यात रस उरला नाही, असे ती सगळ्यांना सांगते.