लेकीचं तोंड

श्रीशैल दवाखान्याचा जिना दोन-दोन पायऱ्या टाकत वर आला, तेव्हा त्याच्या बायकोचे अण्णासोमामा सात नंबरच्या खोलीच्या दारात टॉवेल आडवा ताणून उभे होते. टॉवेल मोठा होता. मामा टॉवेलपेक्षा मोठे होते, त्यामुळे आतलं काही दिसण्याचा प्रश्न तसाही नव्हता.

“मुलगी झाली. दोघी ब्येस हायत,” मामा म्हणाले. “आता मागं फिरा.”

“मागं?”

“तोंड भिताडाकडं करा, पावणं. मग सांगतो.”

श्रीशैल गडहिंग्लजहून एसटीत उभ्याने आला होता. फोन आला तेव्हा तो अकरावीला प्रकाशाचं परावर्तन शिकवत होता, आणि शिपायाने वर्गाच्या दारातूनच ‘सर, मिसेसना ऑपरेशनला घेतलंय’ असं सांगितल्यामुळे ही बातमी त्याला आणि अकरावी अ-ला एकदमच कळली होती. इतक्या घाईने आलेल्या माणसाला भिंतीकडे तोंड कर म्हटलं तर तो करतो. भिंतीवर कुटुंबनियोजनाचं कॅलेंडर होतं. ते बघत त्याने सगळं ऐकून घेतलं.

मुलगी मूळ नक्षत्रावर झाली होती. मामांनी मठातल्या स्वामींना फोन करून खात्री करून घेतली होती. मूळ बापावर येतं. ते नक्षत्र फिरून येईपर्यंत, म्हणजे सत्तावीस दिवस, बापाने लेकीचं तोंड बघायचं नव्हतं. मग मूळशांती करायची, काशाच्या वाटीत तेल घ्यायचं, आणि त्या तेलात पहिल्यांदा बघायचं.

“मामा, तेलात दिसतं ते काय असतं?” श्रीशैल कॅलेंडरला म्हणाला. “चेहऱ्यावरून निघालेला प्रकाशच ना? मग सरळ बघितलं काय आणि तेलात बघितलं काय?”

मामांनी याचा मनापासून विचार केला.

“प्रकाश त्योच असंल,” ते म्हणाले. “पण तेलातनं गाळून येतोय की.”

इतक्या वर्षांत अकरावीतल्या एकाही मुलाने हा मुद्दा काढला नव्हता. श्रीशैलने दुसऱ्या बाजूने प्रयत्न केला.

“आपण लिंगायत आहोत. आपल्या शरण संतांनी वचनांत नक्षत्रं-बिक्षत्रं कधीच मोडीत काढलीत.”

“ते वचनात ठीक हाय. ह्यो दवाखाना हाय.”

श्रीशैल वळला. मामा वजनाने दुप्पट असले तरी टॉवेल हा काही अडसर नव्हे. तो टॉवेलखालून वाकून जाणार, तेवढ्यात आतून पवित्राचा आवाज आला. भूल पुरती उतरली नव्हती, त्यामुळे शब्द एकमेकांना धरून चालत होते.

“अहो. बघू नका.”

मामांना ओलांडून जाता आलं असतं. या आवाजाला ओलांडता येईना. तो पुन्हा कॅलेंडरकडे वळला.

*

मामांनी वॉर्डातून चाकांचा हिरवा पडदा मिळवला आणि तो खाट आणि स्टूल यांच्या मध्ये लावला. पडद्याच्या पलीकडे पवित्रा, पाळणा आणि पवित्राची आई गौराबाई. अलीकडे श्रीशैल. सासूबाईंना तो अव्वाच म्हणायचा, पवित्रा म्हणायची म्हणून. अव्वा मुळातच कमी बोलायच्या. नवरा गेल्यापासून त्या भावाच्या, म्हणजे अण्णासोंच्या घरी राहत होत्या, आणि त्या घरात बोलण्याचं खातं मामांकडे होतं.

पुढच्या तीन दिवसांत त्या मुलीला अर्ध्या शाहूपुरीने बघितलं. मामांच्या गुळाच्या पेढीवरचे हमाल बघून गेले. शेजारच्या खोलीतल्या बाईचा दीर, ज्याचा काही संबंध नव्हता, तोही बघून गेला. पडद्यातून बाहेर आलेला प्रत्येक जण बापाला वृत्तांत देणं आपलं कर्तव्य समजे. नाक अण्णासोंचं होतं. श्रीशैलची आई आजऱ्याहून आली आणि कपाळ आपल्या घरचं आहे असं जाहीर करून संध्याकाळच्या गाडीने परत गेली. हनुवटी मामींकडची निघाली, जे शास्त्राला धरून नव्हतं, पण मामींना सांगणार कोण? हे सगळं एकत्र केल्यावर श्रीशैलच्या डोळ्यांसमोर जो चेहरा उभा राहायचा, त्याला मिशा असायच्या.

खरी पंचाईत दवाखान्याची होती. तिथे मुळाची भानगड कुणाला माहीत नव्हती. दुसऱ्या दिवशी चादर बदलायला आलेल्या चिमणाबाई आयाने पडदा सारला आणि बाळ सरळ त्याच्यापुढे केलं.

“धरा जरा, सायब.”

श्रीशैलने हात पुढे केले आणि मान मागे वळवली. मग हातही मागे घेतले. चिमणाबाईने त्याला खालून वर बघितलं.

“मुलगी झाली म्हणून तोंड बी बघंना व्हय?”

“तसं नाही हो.”

“मग कसं?”

कसं ते सांगता येण्यासारखं नव्हतं. मुलगी झाली म्हणून रागावलेला माणूस आणि ताऱ्याला घाबरलेला भौतिकशास्त्राचा माणूस, यांतलं कोण म्हणवून घ्यायचं हे त्याला तिथल्या तिथे ठरवता आलं नाही. तोवर वॉर्डाने आपला निकाल लावला. व्हरांड्यातून जाताना बायका पदर सावरून बाजूला व्हायच्या. “आनि मास्तर हाय म्हनं,” असं एक वाक्य पाठीवर यायचं. डॉक्टरीणबाईंनी त्याला केबिनमध्ये बोलावून, मुलगा की मुलगी हे पुरुषावर अवलंबून असतं, हे चित्र काढून समजावलं. त्याने ते शांतपणे समजून घेतलं. चित्र थोडं चुकलं होतं.

त्या दिवशी दुपारी मामा जेवायला गेले होते आणि अव्वा लंगोट वाळत घालायला गच्चीवर गेल्या होत्या. पडद्याच्या पलीकडून चुक-चुक असा बारीक आवाज येत होता.

“पितेय?” श्रीशैलने विचारलं.

“नाही. नुसतीच तोंड हलवतेय.”

“तू बीएस्सी आहेस, पवित्रा.”

“माहीत आहे.”

“लग्नात पत्रिका नको म्हणालीस. मामा दोन दिवस जेवले नव्हते.”

“एकच दिवस. दुसऱ्या दिवशी गुपचूप मिसळ खाऊन आले होते.” ती हसायला गेली आणि टाके ओढले म्हणून थांबली. “मी मुळावरची आहे, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही मी.”

श्रीशैलने स्टूल पडद्याजवळ ओढलं.

“मी महिन्याचीसुद्धा नव्हते, आणि बाबा गेले. मोटारसायकलवरून पडले, निपाणीच्या रस्त्याला. सगळे म्हणाले, चोरून बघितलं असणार पोरीला. मला तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. पण शाळेत गॅदरिंगला पहिला नंबर आला तरी बायका म्हणायच्या, असेना का, बापाला खाल्लं की हिनं. घरात मी आले की बोलणं थांबायचं.”

“ते खोटं आहे.”

“खोटंच आहे. तुम्ही आत्ता आत आलात तरी तुम्हाला काही होणार नाही, एवढं कळतंय मला. पण झालंच काही. स्कूटरवरून पडलात, नुसता हात मोडला, तरी त्यांना कारण मिळणार. ते तिच्या नावावर लागणार.” पलीकडे पाळण्याची कडी वाजली. “सत्तावीस दिवस कळ काढा. मग खुशाल पडा.”

“मग पडलो तर?”

“मग ते तुमचं तुम्ही बघा.”

एवढ्यावर वाद घालण्यासारखं काही उरलं नव्हतं. “नाही बघत,” तो म्हणाला. श्रीशैलने पडद्याला हात लावला. कापड दवाखान्याचं, कडक खळीचं. पलीकडून तिनेही लावला असावा, कारण कापड जरा त्याच्याकडे सरकलं.

*

चौथ्या दिवशी मुलीच्या डोळ्यांत पिवळी झाक दिसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काळजीचं नाही, सकाळचं कोवळं ऊन दाखवा. अव्वा बाळाला पदराखाली घेऊन गच्चीवर निघाल्या. श्रीशैल व्हरांड्यात पेपर वाचत होता. पावलं ऐकून त्याने सवयीने पेपर तोंडापुढे धरला.

अव्वा पेपरासमोर थांबल्या.

“चला वर,” त्या म्हणाल्या.

काहीतरी उचलून न्यायचं असेल म्हणून तो मागे गेला, चार पायऱ्या सोडून, जमिनीकडे बघत. गच्चीवर दवाखान्याच्या चादरी वाळत होत्या. मार्केट यार्डाच्या बाजूने कुठेतरी ट्रक रिव्हर्स घेत होता. अव्वा चादरींमधून कठड्यापर्यंत गेल्या, उन्हात उभ्या राहिल्या आणि त्यांनी दुपट्याचं टोक बाजूला केलं.

“बघा.”

श्रीशैलने मान वळवली होती.

“अव्वा, पवित्राला शब्द दिलाय.”

“ठावं हाय मला. मी पडद्याच्या आत असते. तुम्ही दोघं विसरता.” त्यांनी बाळाला या हातावरून त्या हातावर घेतलं. “हिच्या आज्ज्यानं बी असाच शब्द दिलता. रोज सांजंला दुकान बंद करून यायचे. खोलीच्या भायेर ओट्यावर बसायचे आनि मला इचारायचे, आज काय केलं, हसली का, केस कुनावर गेल्यात. मी आतनं सांगायची.”

“आणि एक दिवस बघितलं त्यांनी.”

“न्हाय.”

खाली रस्त्यावर भाजीवालीने कुणाला तरी शिवी दिली, प्रेमाने.

“बघितलंच न्हाय. इसाव्या दिवशी गेले. सांगून ठेवलेलं सगळं ऐकत होते ते, येकदा बी डोकावले न्हाईत. लोक म्हनाली, चोरून बघितलं असंल. मी पयल्यांदा न्हाय म्हनत होते. मग वाटाय लागलं, म्हनू देत. बघून गेले म्हनत्यात तर बरं हाय की. निदान बघून तरी गेले.” त्यांनी दुपट्याची घडी उगीच नीट केली. “ते पोरीवर येतंय, हे मला लई उशिरा कळलं.”

श्रीशैलची मान अजून वळलेलीच होती, आणि चादरीवर ‘स्त्री विभाग’ असा शिक्का होता. तो त्याने तीन-चारदा वाचला.

“काय झालंच तुम्हास्नी,” अव्वा म्हणाल्या, “तर माझं नाव घेऊ देत. गौरानं दाखवलं म्हनावं. हिचं नाव कुनी घ्यायचं न्हाय. आता बघा. का माझी बी मान दुखवताय?”

त्याने बघितलं.

नाक अण्णासोंचं नव्हतं. कपाळ आजऱ्याचं नव्हतं. ती कुणाचीच नव्हती. लाल, जराशी पिवळी, एका डोळ्याने झोपलेली आणि दुसऱ्या डोळ्याने उन्हावर नाराज. वरच्या ओठावर दुधाचा पांढरा फोड होता. त्याबद्दल तीन दिवसांत एकानेही त्याला सांगितलं नव्हतं.

खालून मामांचा आवाज आला. आपण आलो हे त्यांचा आवाज आधी सांगायचा.

“पावणं कुठं गेले? ओ पावणं!”

श्रीशैल दोन पावलं मागे सरकला. अव्वा सरकल्या नाहीत. त्या कठड्यावरून वाकल्या. बरोबर खाली सात नंबरची खिडकी होती, आणि ती उघडी होती. पवित्रा आत जागीच असणार, हे श्रीशैलला कळलं, आणि अव्वांनाही ते ठाऊक असावं.

“हिथं वर हायत,” अव्वा म्हणाल्या. एवढ्या मोठ्याने बोलताना त्याने त्यांना कधी ऐकलं नव्हतं. “लेकीला बघाय लागल्यात. मी दाखवली.”

खाली मामांच्या चपला जिन्याकडे वळल्या.

“गौरे, येडी झालीस काय? पवित्राच्या बाबाची गत इसरलीस?”

“न्हाय इसरले. ते न बघताच गेले, अण्णा.” आवाज तेवढाच मोठा होता, पण त्यात राग नव्हता. “दारात तवा बी तूच हुतास की.”

खिडकीतून खाट करकरल्याचा आवाज आला, पवित्रा उठून बसली असावी. मामांची पावलं चार-पाच पायऱ्या वर आली आणि तिथेच राहिली. आणखी चढायची का उतरायची, हे त्यांना ठरवता येत नसावं. गेल्या कित्येक वर्षांत त्यांच्यावर अशी वेळ आली नव्हती.

मग ते बोलले, ते इतक्या हळू, की शेजारच्या खोलीतल्याला ऐकू गेलं नसतं.

“टोपडं हाय का वर? ऊन लागंल तिला.”

“हाय,” अव्वा म्हणाल्या. मग त्या वळल्या आणि बाळ श्रीशैलच्या हातांत दिलं. त्याने ते अकरावीच्या मुलांकडून उत्तरपत्रिका गोळा केल्यासारखं आडवं धरलं.

“असं न्हाय,” त्या म्हणाल्या. “मानंखाली हात घाला. मान धराय अजून लई दिस हायत तिला.”

त्याने हात घातला.