पोळ्याच्या रंगानं कोंडलेला दम

मित्रांनो, तोंडं फिरवू नका! मी एक जुना ट्रॅक्टर आहे, मुकुटबनच्या नानाजींचा. अंगाला तेलाचा वास येतो माझ्या, पण राबणाऱ्याच्या अंगाला अत्तराचा वास कुठून येणार?

कारखान्यातून आलो तेव्हा नानाजींच्या बायकोनं, इंदूबाईंनी, मला ओवाळलं होतं. मग किती शेतं नांगरली, किती कापूस मारेगावला पोचवला! घरचे बैल गेले तेव्हापासून पोळ्याचा मानही माझाच. गेल्या पोळ्याला नानाजींनी हौसेनं मला नखशिखांत लाल ऑइलपेंट फासला. तोरणाखाली उभा राहून मी काय भाव खाल्ला म्हणून सांगू!

पण त्यानंतर मी गळायला लागलो. मागच्या चाकांजवळ तेल अडवणाऱ्या रबरी कड्या असतात, त्यांना सील म्हणतात. तिथून गिअरचं तेल झिरपून ब्रेकमध्ये शिरलं आणि उतारावर मी थांबेना. रवी मिस्त्रीनं नवी सीलं टाकली. तीही गळाली.

"बुढा झाला हा. भंगारात देऊन टाकतो," नानाजी म्हणाले.

भंगारवाला यायच्या दिवशी रवीनं जाता जाता तेल पाहायला माझं झाकण सैल केलं. फुस्स! जोरात हवा सुटली.

इंदूबाई दारातूनच म्हणाल्या, "काहून रे रवी, कुकरची शिट्टी तुंबली का कडेनं पानी येते. याले शिट्टी नाही का?"

रवीनं कपाळावर हात मारला. "आहे ना काकू! आतली हवा बाहेर सोडाची टोपी." सीटखाली वाकून बघतो तर टोपीचं बारीक छिद्र लाल रंगानं बुजलेलं! मी तापलो की आतली हवा कोंडायची आणि तेलाला सीलमधून बाहेर रेटायची.

नानाजींचा चेहरा उतरला. "म्याच रंगवला, अन् म्याच याचा दम कोंडला."

रवीनं छिद्र मोकळं केलं, ब्रेक धुतले, पुन्हा सीलं बसवली. शेतात फेरी मारून आलो, तर खाली एक थेंब नाही. हुश्श! भंगारवाल्याला नानाजींनी चहा पाजून रिकामाच परत पाठवला.

मित्रांनो, आमचे लाड जरूर करा, पण आम्हाला दम घ्यायला जागा ठेवा. यंदाही पोळ्याला रंगाचा डबा उघडला. इंदूबाई धावत आल्या आणि आधी त्या टोपीवर त्यांनी वाटी पालथी घातली.